कुमैत म्हणून नोंदवलेले शिंगरू राखाडी होते तेव्हा: रंग ओळखण्यातील नेहमीची चूक आणि तिचे निवारण

जन्मानंतर आठवडाभरात शिंगराचा रंग 'कुमैत' (तपकिरी-लाल अंग, काळी आयाळ, शेपूट आणि पाय) असा लिहिला जातो, कागद तयार होतात, आणि तिसऱ्या वर्षी समोर उभा असलेला घोडा मात्र राखाडी अंगाचा, पांढुरक्या तोंडाचा आणि पुठ्ठ्यावर वाटोळे डाग उमटलेला असतो. ही तक्रार दर हंगामात नव्याने येते आणि ती मांडणाऱ्याला बहुतेक वेळा वाटते की घोडा बदलला गेला किंवा कागद दुसऱ्याच घोड्याचे आहेत. प्रत्यक्षात घोडा तोच असतो. चूक झालेली असते ती पहिल्या दिवशी, रंग पाहताना. माझ्या स्वतःच्या नोंदींतही ही चूक झालेली आहे. मी कुमैत लिहिलेला एक नर साडेतीन वर्षांचा झाल्यावर दुसऱ्या मालकाकडे जायचा होता, तेव्हा तपासणी करणाऱ्यांनी कागद आणि घोडा जुळत नाहीत म्हणून व्यवहार थांबवला, आणि त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. कपाळावरचा भोवरा आणि मागच्या डाव्या पायाच्या खुरालगतची गुलाबी कातडी या दोन गोष्टी मी जन्माच्या वेळी नीट लिहून ठेवल्या होत्या, म्हणूनच तो घोडा तोच आहे हे दाखवता आले.

या समस्येचे मूळ एका गैरसमजात आहे. ग्रे, म्हणजे वयाबरोबर राखाडी आणि पुढे पांढरे होत जाणे, हा कुमैत, काळा किंवा तांबडा यांच्या रांगेतील आणखी एक रंग आहे असे आपण धरून चालतो. तसे नाही. शिंगरू जन्मते ते कुठला तरी मूळ रंग घेऊन, आणि ग्रेचे जनुक त्या मूळ रंगावर वर्षानुवर्षे काम करत केसांतील रंगद्रव्य संपवत नेते. म्हणून शिंगरासमोर उभे राहून 'याचा रंग कोणता' असा एकच प्रश्न विचारला तर उत्तर अर्धेच मिळते. प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे विचारावे लागतात: मूळ रंग कोणता, आणि तो टिकणार की जाणार.

केसांत नेमके काय घडते

ग्रेमागचा बदल २००८ साली निश्चित झाला. घोड्याच्या २५ व्या गुणसूत्रावरील एसटीएक्स१७ या जनुकात सुमारे ४,६०० अक्षरांचा एक तुकडा एकामागे एक पुन्हा लिहिला गेलेला असतो, आणि हा बदल प्रभावी असल्यामुळे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेली एक प्रतही पुरते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने यात महत्त्वाची भर घातली: तो तुकडा दोनदा असेल तर घोडा सावकाश पांढरा होतो आणि तीनदा असेल तर झपाट्याने. पूर्वी 'हा घोडा ग्रे आहे तर दहाव्या वर्षीही एवढा गडद कसा' असे जे कोडे पडत असे, त्याचे बरेचसे उत्तर यात आहे.

हा बदल रंगपेशींना अधिक उत्तेजित करतो. सुरुवातीला रंग जास्त तयार होतो, आणि केसांच्या मुळाशी असलेला रंगपेशींचा साठा लवकर संपतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. कातडीतील रंग मात्र राहतो, त्यामुळे पूर्ण पांढऱ्या झालेल्या ग्रे घोड्याचीही कातडी केसांखाली काळसर असते आणि डोळे गडद असतात. ग्रे होणारी शिंगरे जन्मतःच वाजवीपेक्षा गडद दिसतात ही तबेल्यातील जुनी निरीक्षणे या स्पष्टीकरणाशी नीट जुळतात, आणि निदानाच्या दृष्टीने तीच सर्वांत उपयोगाची आहेत.

आधी आई-बाप पाहा

ग्रे पिढी गाळून पुढे जात नाही. आई-बापांपैकी एकही ग्रे नसेल तर शिंगरू ग्रे होऊ शकत नाही, हा नियम इतका पक्का आहे की त्याला अपवाद दिसला तर आई-बापांची नोंद चुकली आहे असेच समजून शोध सुरू करावा. एका पालकाकडे एक प्रत असेल आणि दुसरा ग्रे नसेल, तर प्रत्येक शिंगराच्या बाबतीत शक्यता निम्मी असते. दोघांकडेही एकेक प्रत असेल तर ती चारांत तीन होते, आणि एका पालकाकडे दोन्ही प्रती असतील तर त्याचे प्रत्येक शिंगरू ग्रे होते. मागच्या वर्षीचे शिंगरू ग्रे झाले म्हणून यंदाचे होणार नाही, असा हिशेब मात्र करू नये. प्रत्येक गर्भधारणेत शक्यता नव्याने मोजली जाते.

अडचण येते ती 'पालक ग्रे नाही' हे ठरवताना. घोडी चार-पाच वर्षांची असेल आणि तिच्यात सावकाश काम करणारे ग्रे असेल, तर ती दुरून गडद कुमैतच दिसते. म्हातारा घोडा पूर्ण पांढरा झाला असेल तर त्याची नोंद कधी कधी नुसती 'पांढरा' अशी सापडते. काही जुन्या कागदांवर अर्धवट राखाडी झालेल्या घोड्याला रोन, म्हणजे अंगावर कायमचे पांढरे केस मिसळलेला, असे लिहिलेले आढळते. म्हणून पालकांचे कागद वाचण्याबरोबरच, शक्य असेल तेव्हा, पालकांची तोंडे जवळून पाहावीत आणि त्यांची लहानपणची छायाचित्रे मागून घ्यावीत. हे पाहून झाले की मूळ रंगाचेही अर्धे उत्तर हाती लागते, कारण दोन तांबड्या, म्हणजे चेस्टनट, घोड्यांपासून काळे किंवा कुमैत शिंगरू होत नाही.

जन्माच्या रंगातील खूण

पहिल्या आठवड्यात शिंगराच्या पायांकडे पाहावे. सामान्य कुमैत शिंगराचे पाय जन्मतः काळे नसतात. गुडघ्याखाली ते फिकट, राखी किंवा दुधाळ तपकिरी असतात, आणि हेच पाय पुढे पहिली लव झडल्यावर काळे होतात. ग्रे होणारे कुमैत शिंगरू मात्र पुष्कळदा जन्मतःच मोठ्या घोड्यासारखे दिसते: पाय काळे, अंग दाट लालसर, आयाळ काळीभोर. काळ्या रंगाचेही तसेच आहे. जे शिंगरू पुढे काळेच राहणार असते ते जन्मतः बहुधा उंदराच्या अंगासारखे धुरकट असते, आणि जे पहिल्याच दिवशी शाईसारखे काळे असते त्याच्याविषयी, पालकांत कुणी ग्रे असेल तर, संशय धरावा. येथे अनुभवी माणसेही फसतात, कारण सुंदर, दाट, भरलेला रंग पाहिला की तो टिकेल असेच मन सांगते. ग्रे असलेल्या कुळात गोष्ट नेमकी उलटी असते.

ही खूण संशयाची आहे, पुराव्याची नाही. ग्रे नसलेली काही शिंगरेही गडद जन्मतात आणि ग्रे होणारी काही फिकट पायांची असतात, त्यामुळे एवढ्यावर कागद भरू नये.

कुमैत की तांबडे हा प्रश्नही याच वेळी सोडवावा, कारण दोघांचेही पाय फिकट असल्यामुळे त्यांची गल्लत होते. पायांऐवजी कानांच्या कडा पाहाव्यात. कुमैत शिंगराच्या कानाच्या कडेला काळी रेघ असते आणि आयाळीचे आखूड केस मुळापासून काळे असतात, तर तांबड्या शिंगराच्या अंगावर काळा केस कुठेच सापडत नाही. आयाळ हाताने उलटी करून मुळाशी पाहिल्यास बहुतेक शंका फिटते.

डोळ्यांभोवतीची तपासणी

खरा निकाल डोळ्यांभोवती लागतो. ग्रेची सुरुवात बहुतेक शिंगरांत पापण्यांपासून आणि डोळ्यांच्या कडांपासून होते, पुढे ती कानशिले, गाल आणि मुस्कट असा प्रवास करते. अंग त्यानंतर बदलते. पण दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात किंवा छपराखालच्या अंधुक उजेडात काहीच दिसत नाही. सकाळचे तिरपे ऊन बाजूने पडत असताना, किंवा टॉर्च डोळ्यात न मारता गालाच्या बाजूने धरून पाहावे लागते. शिंगरू आईला खेटून उभे असू द्यावे, मदतनिसाने एक हात छातीपुढे आणि एक हात मागून पुठ्ठ्याभोवती ठेवून त्याला सांभाळावे, डोके ओढू नये. दोन मिनिटे ते शांत उभे राहिले तरी पुरे.

माझ्यासमोर एक दहा दिवसांची मादी होती, आई ग्रे आणि बाप तांबडा. तिचा रंग विटेसारखा दाट लाल होता आणि पाहणारा प्रत्येक जण तांबडीच म्हणत होता. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर, पापणीच्या लांब केसांच्या लगेच वर, जी तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंदीची आखूड लव असते, तिच्यात मला सात पांढरे केस मोजता आले. डाव्या डोळ्यावर एकही नव्हता. ते केस पिवळसर किंवा फिकट तपकिरी नव्हते, काचेच्या तंतूसारखे स्वच्छ पांढरे होते, आणि आजूबाजूचा एकेक केस पूर्ण लाल होता. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही डोळ्यांवर चंद्रकोरीसारखी बारीक पांढरी रेघ झाली. चौथ्या महिन्यात लव झडली तेव्हा कानशिलांवर लाल आणि पांढरे केस मिसळलेले निघाले. दहाव्या दिवशीची ती सात केसांची नोंद नसती तर ती तांबडी म्हणूनच कागदावर गेली असती.

याच्या उलट चूकही तितकीच वारंवार होते. तीन-चार महिन्यांच्या सुमारास शिंगराची जन्माची लव झडू लागते आणि ती पुष्कळदा डोळ्यांभोवती व मुस्कटावर आधी झडते. त्यामुळे ग्रे नसलेल्या शिंगरालाही चष्मा घातल्यासारखी फिकट कडी दिसते आणि 'हे ग्रे होणार' असे सगळे सांगू लागतात. येथे बोटांनी पाहावे. त्या फिकट कडीवर अंगठ्याने हलके घासले तर जुनी लव हाताला लागते, तिचा केस टोकाकडे उन्हाने विटलेला, पिवळसर किंवा राखी असतो, आणि खाली नवा, आखूड, बहुधा पूर्वीपेक्षा गडद केस उगवत असतो. ग्रेचा पांढरा केस घासून निघत नाही, कारण तो नव्याने उगवलेला असतो, आणि टोकापासून मुळापर्यंत पांढराच असतो. तरीही निश्चय होत नसेल तर पुठ्ठ्यावर दोन बोटांएवढा तुकडा कातरून खालचा केस पाहता येतो. ग्रे असेल तर कापलेल्या जागी पुष्कळदा मिसळलेले केस दिसतात, नसेल तर एकसारखा नवा रंग दिसतो. लहान शिंगराला यंत्राच्या आवाजाची भीती वाटते, म्हणून साधी बोथट टोकाची कात्रीच वापरावी.

ग्रेसारखे दिसणारे पण ग्रे नसलेले

सर्वाधिक गोंधळ रोनमुळे होतो. रोन घोड्याच्या अंगावरही पांढरे केस मिसळलेले असतात, पण डोके आणि गुडघ्याखालचे पाय गडद राहतात, आणि पहिली लव झडल्यावर दिसू लागलेले मिश्रण पुढे वर्षानुवर्षे वाढत नाही, फक्त ऋतूप्रमाणे थोडे गडद-फिकट होते. ग्रेमध्ये डोके आधी उजळते. म्हणून संशय आला की अंगाऐवजी तोंडाकडे पाहावे: अंग मिश्र आणि तोंड गडद असेल तर रोनची बाजू भक्कम होते, तोंड अंगापेक्षा पांढरे असेल तर ग्रेची. रोनच्या अंगावर जखम भरून आली की तेथे पुष्कळदा गडद केस उगवतात, हीदेखील मोठ्या घोड्यात उपयोगी पडणारी खूण आहे. एकाच घोड्यात रोन आणि ग्रे दोन्ही असू शकतात, आणि अशा वेळी केवळ डोळ्यांनी निकाल देण्याचा हट्ट धरू नये.

रॅबिकानो प्रकारात पांढरे केस कुशीजवळ आणि शेपटीच्या मुळाशी असतात. ठिपकेदार कुळांत अंग पांढुरके होत जाते, पण नाकाडासारखे हाडांचे उंचवटे गडद राहतात, ओठांवर व शेपटीखाली कातडी चितकबरी असते आणि खुरांवर उभे पट्टे असतात. सिल्व्हर नावाच्या रंगबदलात शिंगराच्या पापण्यांचे लांब केस जन्मतःच पांढुरके असतात आणि खुरांवर पट्टे दिसतात. म्हणून नुसत्या पांढऱ्या पापण्या पाहून ग्रे म्हणणे चुकीचे ठरते. ग्रेमध्ये गडद लवेत विखुरलेले सुटे पांढरे केस सापडतात. जन्मतः पांढरे आणि गुलाबी कातडीचे शिंगरू, ज्याला नुकरा म्हणतात, ते ग्रे नव्हे. त्याच्याकडे गमावण्यासारखा रंगच नसतो. चांगल्या पोसलेल्या कुमैत घोड्याच्या अंगावर उमटणारे वाटोळे डागही ग्रेचे लक्षण धरू नयेत, कारण ते ऋतूबरोबर येतात आणि जातात.

पाठीच्या कण्यावरील काळ्या रेघेवरूनही अनेक जण घाईने निष्कर्ष काढतात. डन या फिकटलेल्या अंगाच्या रंगात ती रेघ ठसठशीत असते आणि कायम राहते, पण डन नसलेल्या कित्येक शिंगरांच्या पाठीवरही लवेच्या दिवसांत तशी सावली असते आणि नंतर नाहीशी होते. सोनेरी, म्हणजे पालोमिनो, किंवा इतर फिकट शिंगरांच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी लागते: त्यांच्या अंगावर पांढरा केस वेगळा दिसतच नाही. अशा शिंगरात ग्रे लपून राहते आणि नुसत्या नजरेने ते वर्षभरही कळत नाही, विशेषतः शेपूट आणि आयाळ आधीच पांढुरकी असल्यामुळे. येथे मी थेट चाचणीकडे जाण्याचा सल्ला देतो.

चाचणी आणि नोंद

डीएनए चाचणीसाठी आयाळीचे किंवा शेपटीचे केस मुळासकट उपटून द्यावे लागतात. साधारण वीस ते तीस केस पुरतात, पण शिंगराचा केस बारीक असतो, म्हणून थोडे जास्तच घ्यावेत. कातरलेला किंवा खराऱ्यात अडकलेला केस उपयोगाचा नाही, कारण तपासायचे असते ते केसाच्या मुळाशी. शिंगरू दिवसभर आईला घासत असते, त्यामुळे तिचे सुटे केस त्याच्या अंगावर असतात. हात धुऊन, वरचे सुटे केस झटकून, मुळाशी घट्ट धरून केस ओढावेत आणि लगेच कोरड्या कागदी पाकिटात घालून त्यावर नाव लिहावे. मूळ रंगाची चाचणीही त्याच नमुन्यातून करून घ्यावी, कारण घोडा पांढरा झाल्यावर तो मुळात काय होता हे डोळ्यांनी सांगणे जवळजवळ अशक्य होते.

चाचणी असो वा नसो, नोंद तीनदा करावी: पहिल्या आठवड्यात, लव झडताना आणि वर्ष पूर्ण झाल्यावर. प्रत्येक वेळी दोन्ही डोळ्यांची जवळून, चारही पायांची आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. पहिल्या नोंदीत 'कुमैत' एवढेच न लिहिता 'कुमैत, आई ग्रे, वरच्या पापणीवर पांढरे केस आढळले' असे लिहावे, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला आपण काय पाहिले तेही कळते. भोवऱ्यांची जागा फार काळजीने नोंदवावी. कपाळावर डोळ्यांच्या रेषेच्या वर की खाली, मानेवर कोणत्या बाजूला, किती, हे वयाबरोबर बदलत नाही आणि रंगावर अवलंबून नसते. कपाळावरचा चांद आणि पायांचे पांढरे मोजे ग्रे घोड्यात पुढे दिसेनासे होतात, पण त्यांच्याखालची कातडी गुलाबीच राहते, आणि ती जागा पाण्याने भिजवली की सीमा पुन्हा स्पष्ट दिसते.

ग्रे आहे हे लवकर कळण्याचा उपयोग कागदांपुरता नाही. पंधरा वर्षांहून मोठ्या ग्रे घोड्यांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के घोड्यांत मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगपेशींपासून वाढणाऱ्या, गाठी आढळतात. झपाट्याने पांढरे होणाऱ्यांत धोका जास्त असतो. या गाठी बहुतेक वेळा शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, ओठांवर आणि जबड्याच्या मागे सुरू होतात. त्यामुळे ग्रे म्हणून नोंदवलेल्या घोड्याला खरारा करताना शेपूट उचलून तेथे बोटे फिरवण्याची सवय तरुणपणापासून लावावी. वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली तर तिचा आकार तारखेसह लिहून पशुवैद्यांना दाखवावी.

चूक आधीच होऊन गेली असेल, म्हणजे कागदावर कुमैत आणि समोर राखाडी घोडा असेल, तर नवे कागद करण्याच्या मागे लागू नये. नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे रंगाच्या दुरुस्तीचा अर्ज करावा. त्याबरोबर जन्मापासूनची असतील ती छायाचित्रे, पालकांपैकी कोण ग्रे आहे याचा दाखला, भोवऱ्यांचे रेखाटन, भिजवून घेतलेल्या चांदाचे आणि मोज्यांचे छायाचित्र, आणि ग्रेच्या चाचणीसोबत पालकत्वाची डीएनए चाचणी जोडावी. हे काम घोडा विकण्याची वेळ येण्यापूर्वी, तोंडावर अजून मूळ रंगाचे थोडे केस शिल्लक असतानाच उरकावे.